कामगार वस्तीतली इमामत: जिंतूरच्या एका हाफिजजींना उत्तर

हाफिजजी, अस्सलामु अलैकुम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही जिंतूर तालुक्यातले, वय २४, हाफिज झालात (कुराण तोंडपाठ केलंत), आलिमचा (धर्मशास्त्राचा) कोर्सही पुरा केला. जालन्याच्या एमआयडीसीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमधल्या मशिदीनं तुम्हाला इमामतीसाठी, म्हणजे नमाज पढवायला, बोलावलंय. नमाजी जवळजवळ सगळे बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडचे, सळईच्या कारखान्यांत राबणारे. पगार ११ हजार, राहायला एक खोली, डबा घराघरातून पाळीनं. कमिटीचा सदर (अध्यक्ष) स्वतःच लेबर ठेकेदार. वडील म्हणतात, हे सोड, मी तुला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकून देतो. आणि तुम्ही विचारता, "हे लोक आज आहेत, उद्या नाहीत. ईदला मशीद ओस पडते. त्यांची बोली वेगळी, मसलक (पंथ) वेगळं. मी तिथे टिकेन का, आणि टिकून काय मिळेल?"

मी मूळचा अंबड तालुक्यातला. वाळूज एमआयडीसीला लागून असलेल्या रांजणगाव शेणपुंजीत २६ वर्षं इमामत केली. आता दोन वर्षांपासून माझा शागिर्द नमाज पढवतो आणि मी सकाळचं मकतब (मुलांचे कुराणाचे वर्ग) बघतो. जालन्याचा अनुभव मला थोडाच आहे. लोखंडाच्या भट्टीवरचा कामगार आणि वाळूजच्या सुट्या भागांच्या कारखान्यातला कामगार यांत फरक असतो, तेवढा तुम्ही लक्षात घ्या. तुमची कमिटी कशी आहे, तो ठेकेदार माणूस म्हणून कसा आहे, यावर पुष्कळ अवलंबून आहे, आणि ते इथे बसून मला सांगता येणार नाही.

पगार, बोली, मसलक यांवर लिहितोच. पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे, तो आधी घेतो. जे लोक इथे राहणारच नाहीत त्यांच्यात आपण आपलं आयुष्य का लावावं, हे तुम्हाला विचारायचंय.

माझ्या पहिल्याच महिन्यात एक पोरगा जुम्यानंतर (शुक्रवारच्या नमाजनंतर) थांबला आणि म्हणाला, "मौलाना, हम मुसाफिर हैं कि मुकीम?" मसला (धर्मनियम) तुम्हाला पाठ आहे. हनफी फिकहप्रमाणे (धर्मशास्त्राप्रमाणे) घरापासून साधारण ७७-७८ किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला निघालेला माणूस मुसाफिर, त्यानं चार रकातींच्या (नमाजच्या आवर्तनांच्या) जागी दोन पढायच्या. एका ठिकाणी १५ दिवस किंवा त्याहून जास्त राहायचा इरादा केला की तो मुकीम, मग चार पूर्ण. मी त्याला विचारलं, तुझा इरादा किती दिवसांचा? तो म्हणाला, "इरादा तो ठेकेदार का है." उद्या पुण्याला पाठवतील की सहा महिने इथेच ठेवतील, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. किताबात याचाही विचार आहे. शिपायाचा इरादा त्याच्या सरदाराच्या इराद्यावर ठरतो. आणि आज जाऊ, उद्या जाऊ करत एखाद्याचं वर्ष निघून गेलं तरी तो मुसाफिरच राहतो.

पण त्याच प्रकरणात पुढे जे आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं. मुसाफिर जर मुकीम इमामाच्या मागे उभा राहिला, तर त्यालाही चार रकाती पूर्ण पढाव्या लागतात. इमाम ठाम असला की मागच्याचीही नमाज पूर्ण होते. हाफिजजी, अशा वस्तीतल्या इमामाचं सगळं काम मला या एका मसल्यात दिसतं. तिथे दरवर्षी माणसं बदलणार, खोल्या बदलणार, ठेकेदार बदलणार. एक माणूस तिथे मुकीम हवा. तो नसला तर त्या लोकांचं लग्न, मरण, आजारपण, पोरांची शाळा, सगळं अर्धंच राहतं.

आपल्या मराठवाड्याला हे नवीन नाही. खुलताबादला ज्यांचा दर्गा आहे ते हजरत बुरहानुद्दीन 'गरीब' हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे मुरीद (शिष्य). मुहम्मद तुघलकानं १३२७ च्या सुमारास दौलताबादला राजधानी आणली, त्या काळात दिल्लीची जी माणसं दख्खनमध्ये आली त्यांच्यातले ते. १३३७ मध्ये वारले ते इथेच. मराठीत आपण गरीब म्हणतो तेव्हा ज्याच्याकडे पैसा नाही तो. अरबीत गरीब म्हणजे परका, घरापासून दूर असलेला. औरंगाबादच्या पाणचक्कीजवळ ज्यांची कबर आहे ते बाबा शाह मुसाफिर तर पार बुखाऱ्याकडून आलेले, आणि नावातच मुसाफिर. आज ही दोन्ही ठिकाणं आपल्याला अगदी आपली, इथल्या मातीतली वाटतात. मी पहिल्या वर्षी माझ्या नमाज्यांना ट्रकमध्ये घालून खुलताबादला नेलं होतं, फक्त ही दोन नावं समजावून सांगायला. कटिहारचा एक म्हातारा गवंडी त्या आवारात बसून खूप रडला. मला कारण विचारवलं नाही.

आता पगार. ११ हजारांत संसार होत नाही, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये वक्फ बोर्डाखालच्या मशिदींतल्या इमामांना मानधन द्यावं असा निकाल दिला, हे लोक तुम्हाला सांगतील. पण भाड्याच्या जागेतल्या पत्र्याच्या शेडला त्याचा उपयोग शून्य. तुमचा पगार खोल्याखोल्यांतून जमणाऱ्या चंद्यातून येणार. कारखान्याला ऑर्डर कमी झाली, ओव्हरटाइम बंद झाला, की पहिला फटका त्या चंद्याला. माझा पगार २००८-०९ च्या मंदीत पाच महिने अर्धा झाला होता.

कमी पगारापेक्षा मला भीती आहे ती पगार एकाच माणसाच्या खिशातून येण्याची. सदर ठेकेदार आहे म्हणालात. तो चांगला माणूस असू शकेल, मी असे पाहिलेत. पण ज्या दिवशी त्याच्याच मजुराचा पगार अडेल आणि तो मजूर तुमच्याकडे येईल, त्या दिवशी तुमच्या तोंडून काय निघणार? म्हणून जायच्या आधी कमिटीसमोर तीन गोष्टी बोलून, लिहून घ्या. पगार चंद्याच्या खात्यातून, पावतीनं. कमिटीत निदान दोन साधे कामगार, ज्यांचा ठेकेदार वेगळा आहे. आणि इमामाला काढायचं असेल तर एकट्या सदराच्या शब्दावर नाही, सगळ्या जमातीसमोर. यातलं पहिलं मान्य झालं नाही तर जाऊ नका, हे मी स्पष्ट सांगतो. बाकी दोन वर्षभरात जमवता येतात.

डब्याबद्दल बहुतेक इमाम कुरकुर करतात. मीही सुरुवातीला करायचो. कधी भात कच्चा, कधी मोहरीच्या तेलाचा वास, आपल्याला तर सवय ज्वारीच्या भाकरीची. पण डबा बंद करू नका, निदान पहिलं वर्ष. एका खोलीतून सलग दोन पाळ्या नुसता भात, मीठ, कांदा आला. विचारल्यावर कळलं, त्या सहा जणांना दीड महिन्यापासून पैसे मिळालेले नव्हते. मशिदीत ते रोज येत होते, कोणी बोललं नव्हतं. डबा उघडला नसता तर मला कळलंच नसतं. पुढे मी त्या पाळीत आपली भाकरी-पिठलं घेऊन त्यांच्याच खोलीत जेवायला जायला लागलो.

वेळांचं म्हणाल तर मशिदीचं घड्याळ कंपनीच्या पाळ्यांवर लावा. जुम्याची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते. त्यात माणूस गेटमधून निघून, वुजू करून (हात-तोंड-पाय धुऊन), दोन रकाती पढून परत पोचला पाहिजे. मी जुम्याआधीची तकरीर (प्रवचन) सात मिनिटांवर आणली, अरबी खुतबाही आटोपशीर. जोहरला (दुपारच्या नमाजला) वक्ताच्या आत अर्धा तास मागे-पुढे केल्यानं काही बिघडत नाही. उशीर झाल्यानं ज्याची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली जाते, तो पुढच्या जुम्याला येत नाही. रमजानमध्ये भट्टीवरची माणसं तुम्हाला रोज्याबद्दल विचारतील, आणि जालन्यात उन्हाळा काय असतो तुम्हाला माहीत आहे. मी सांगत आलो: नियत करा, सुरू करा, पण चक्कर यायला लागली, जिवाला धोका वाटला, तर सोडा आणि नंतर कजा करा (तो रोजा भरून काढा). हे मिंबरवरून (प्रवचनाच्या पायरीवरून) मोठ्यानं सांगा. खासगीत सांगितलं तर माणूस लाजेनं ऐकत नाही आणि भट्टीसमोर कोसळतो.

आता मरणाबद्दल. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण मदरशात आपल्याला गुस्ल (मय्यतीला अंघोळ), कफन, जनाज्याची नमाज शिकवतात, पण कामावर मेलेल्या परक्या पोराचं काय करायचं हे कोणी शिकवत नाही.

२००४ चा मे महिना. ओल्या फरशीवर ग्राइंडरचा शॉक लागून एक पोरगा गेला. वय असेल १९-२०. सगळे त्याला छोटू म्हणायचे. खोलीतल्या पाच जणांना तो अररियाचा आहे एवढंच ठाऊक. ठेकेदाराच्या वहीत भलतंच नाव. तो ठेकेदार माझ्याकडे आला, फार अदबीनं बोलला, "मौलाना, मय्यतीला उशीर करू नये असं शरियतच सांगते ना? असरच्या (दुपारनंतरच्या नमाजच्या) आत उरकून टाकू." मला ते पटलं होतं. मी कफन आणायला माणूसही पाठवला होता. पोलीस चौकीतले एक वयस्क जमादार तिथे उभे होते, मराठी माणूस. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मौलवी साहेब, पंचनामा आणि पोस्टमार्टेम होऊ द्या. नाहीतर हा पोरगा कामावर मेला हेच कुठे राहणार नाही." त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

दफन लवकर करावं हे खरंच आहे. पण मेलेल्याच्या घरच्यांचा हक्क बुडवून लवकर करावं, असं कुठल्याही फिकहच्या किताबात नाही. कर्ज आणि हक्क आधी, हे तर आपण वारसाहक्काच्या धड्यात पहिल्या दिवशी शिकतो. तेव्हा १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा होता, आता कायद्याची रचना बदलली आहे, पण मुद्दा तोच राहतो: कामावर मृत्यू झाला याचा कागद नसेल तर वारसाला काही मिळत नाही. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर घरच्यांना पेन्शन लागते, तीही त्या कागदावरच. म्हणून पोलिसांत नोंद, पोस्टमार्टेम, मृत्यूची नोंद (ती २१ दिवसांच्या आत साध्या अर्जानं होते) हे होईपर्यंत तुम्ही कोणत्याही कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही करायची नाही. तुमच्या सहीला किंमत आहे म्हणूनच ते तुमच्याकडे येतात.

छोटूच्या पेटीत एका चिठोऱ्यावर एसटीडीचा नंबर सापडला. गावातल्या पीसीओवाल्यानं बापाला बोलावून आणलं, अर्ध्या तासानं परत फोन लावला. बापानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मौलाना, बाबू का मुँह किसने देखा?" मी म्हणालो, मी पाहिलंय, मीच गुस्ल देणार आहे. ते म्हणाले, मग माती तिथेच द्या, आमच्याजवळ यायला भाडं नाही. त्याच फोनवर त्याचं खरं नाव कळलं, नाहीतर जनाज्यासमोर मी 'छोटू'च म्हणालो असतो.

कब्रस्तानाचाही प्रश्न आला. जवळच्या गावातल्या जुन्या जमातीचे लोक म्हणाले, आमच्याच माणसांना जागा पुरत नाही, उद्या रोज एक आणाल. मी त्यांच्यावर आता रागावलेला नाही, त्यांचीही जागा खरंच लहान होती. पण त्या रात्री मय्यत दोन तास मशिदीच्या दारात होती. शेवटी एक म्हातारे बागवान उठले आणि म्हणाले, माझ्या वालिदांच्या बाजूला माझ्यासाठी ठेवलेली जागा आहे, तिथे द्या. रात्री ११ वाजता माती दिली. भरपाई मिळायला त्याच्या घरच्यांना दोन वर्षांवर लागली, कारण कागदोपत्री नावंच जुळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली. जुम्यानंतर एकेकाला बसवून लिहायला सुरुवात केली: कागदावरचं नाव, घरी हाक मारतात ते नाव, बापाचं नाव, गाव-थाना-जिल्हा (बिहारचा माणूस तालुका सांगत नाही, थाना सांगतो), घरचा एक नंबर, कोणत्या ठेकेदाराकडे, आणि शेवटी एक रकाना: काही झालं तर माती इथे की गावी. हा शेवटचा रकाना विचारताना पहिल्यांदा जीभ अडखळते. पण विचारा. बहुतेक जण 'गावी' म्हणतात, मग गाडीचं भाडं ऐकून गप्प होतात, आणि थोड्या वेळानं 'जहाँ मौत आए' म्हणतात. हे त्यांनी जिवंतपणी स्वतः सांगितलेलं असलं की नंतर भांडण होत नाही. आज त्या वहीचे सात भाग झालेत. आणि आपल्या मशिदीसाठी कब्रस्तानात जागा कुठे, हे गावच्या जमातीशी बसून आत्ताच ठरवा, कोणी मेलेलं नसताना. तेव्हा माणसं मोठ्या मनानं बोलतात.

वहीच्या मर्यादाही सांगतो. ती ओळखीची खूण आहे, सरकारी दाखला नाही. मालदा, मुर्शिदाबादचे बांगला बोलणारे गवंडी आपल्याकडे बरेच आहेत, आणि हल्ली त्यांना कागद दाखवा म्हणून वरचेवर बोलावलं जातं. ते घाबरून तुमच्याकडे येतील. त्यांच्याबरोबर चौकीत जा, मराठीत नीट बोला, तुमच्या मराठीचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच आहे. पण जेवढं माहीत आहे तेवढंच सांगा: "हा माणूस तीन वर्षांपासून माझ्या मागे नमाज पढतो, या खोलीत राहतो." त्यापुढचं कागद बोलतील. एकाच्या बाबतीत जरी माहीत नसताना हमी दिलीत, तर उरलेल्या दोनशेंसाठी तुमचा शब्द संपला. खोलीमालकाकडून भाडेकरूंची नोंद पोलिसांत झाली आहे का, हेही स्वतः विचारत राहा.

निकाहबद्दल मी कडक आहे आणि तुम्हीही राहा. माणूस दोन वर्षं घरापासून लांब असला की इथे दुसरं घर मांडायची इच्छा होते. एकदा एकजण दोन साक्षीदार, मिठाई, मुलीचा मामा वली (पालक) म्हणून, सगळं घेऊन आला. मी म्हणालो, उद्या या. रात्री त्याच्या गावच्या मशिदीच्या इमामांना फोन लावला. बायको आणि दोन लेकरं गावात. मुलीच्या घरच्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी निकाह पढवला नाही. त्यानं दुसरीकडे कुठेतरी पढवून घेतला, आणि आठ महिन्यांनी ती मुलगी पोट घेऊन एकटी मशिदीच्या पायरीवर बसली होती. म्हणून फोन केल्याशिवाय निकाह नाही. वयाचा कागद पाहिल्याशिवाय नाही: मुलगी १८, मुलगा २१. २००६ च्या बालविवाहाच्या कायद्यात लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. शिक्षेची भीती बाजूला ठेवा, त्या कोवळ्या पोरीकडे पाहूनच हात मागे घ्या. गावोगावच्या इमामांचे नंबर वहीत वेगळ्या पानावर ठेवा. ते तुमचं सगळ्यात मोठं बळ.

मसलकाची चिंता तुम्ही जास्त करताय. एकाच शेडमध्ये देवबंदी, बरेलवी, एखाद-दोन अहले हदीस असतात. कोणी तकबीर सुरू होताच उभा राहतो, कोणी 'हय्य अलल फलाह'वर. दुसरी मशीद बांधायला पैसा नाही, म्हणून ते एकमेकांना सांभाळून घेतात. ती नरमाई तुम्ही बिघडवू नका, एवढंच. आमच्याकडे जुम्यानंतर ज्यांना सलाम पढायचा ते पढतात, ज्यांना नाही ते शांतपणे बाहेर पडतात, आणि इमाम दोघांशीही मुसाफा (हस्तांदोलन) करतो. चंद्राचं मात्र ठरवून टाका. दरवर्षी २९ च्या रात्री कोणीतरी गावी फोन लावून सांगतो की आमच्याकडे चाँद झाला. इथल्या हिलाल कमिटीचं (चंद्रदर्शन जाहीर करणाऱ्या समितीचं) ऐकायचं, हे रमजानच्या पहिल्या जुम्यालाच सांगून ठेवा.

दुसऱ्या एका कामाचा तुम्ही विचार केलेला दिसत नाही. या लोकांना आपला मुलूख समजावून सांगणंही तुमच्याचकडे येतं. आमच्या वाळूजजवळ छोटं पंढरपूर आहे. आषाढीला चारी बाजूंनी दिंड्या येतात, रस्ता माणसांनी भरून जातो. २०२३ ला २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. महाराष्ट्रात ठिकठिकाणी मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करता पुढच्या दिवशी करायचं ठरवलं. आमच्या जुन्या इथल्या लोकांना हे समजवावं लागलं नाही, ते लहानपणापासून वारी पाहतात, कित्येकांनी वारकऱ्यांना पाणी पाजलंय. पण दरभंग्याहून दोन महिन्यांपूर्वी आलेल्या पोराला एकादशी म्हणजे काय ते कसं माहीत असणार? त्याला वाटलं, आपल्याला दाबतात. मी त्याला घेऊन रस्त्यावर उभा राहिलो. डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हाताऱ्या बाया, चिखलानं भरलेले पाय, टाळ. सांगितलं, हे लोक आज उपाशी आहेत, हा त्यांचा रोजा समज. कुर्बानी १०, ११, १२ जिलहिज तिन्ही दिवस जायज आहे, आपलं काही कमी होत नाही. तो दिवसभर पाण्याच्या टाकीजवळ उभा राहून पेले भरत होता. जालन्यात तुमचे प्रसंग वेगळे असतील, पण येतील. इथली भाषा आणि इथला माणूस जाणणारा इमाम त्यांना पाठवलाय, यात मला अल्लाहची मर्जी दिसते. म्हणून 'त्यांची बोली वेगळी' ही अडचण समजू नका. भोजपुरी तुम्ही सहा महिन्यांत समजू लागाल. त्यांना तलाठी, झेडपीची शाळा, दवाखाना यांच्याशी बोलणारा माणूस कोण आहे?

२०२० बद्दल लिहिताना हात जड होतो. मशिदी बंद, मी आणि मुअज्जिन (अजान देणारा) दोघंच जमात करायचो. तबलिगी जमातीच्या नावानं बाहेर जे बोललं जात होतं त्यानं आमची माणसं किराणा दुकानात जायला घाबरत होती. परदेशी जमातींवरचे काही गुन्हे ऑगस्टमध्ये औरंगाबाद खंडपीठानंच रद्द केले, पण ते नंतर. तेव्हा वही कामाला आली. कोणत्या खोलीत किती, कोणाचं धान्य संपलं, कोणाला गावी जायचंय, याची यादी रात्रीत तयार झाली आणि श्रमिक रेल्वेचे फॉर्म भरता आले. पण ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. मध्य प्रदेशचे, जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यातले. माझ्या मशिदीचे नव्हते, मुस्लिमही नव्हते. तरी आजही मला वाटतं, त्यांची नावं लिहून घेणारा, 'थांबा, परवा गाडी आहे' म्हणणारा एखादा माणूस त्यांच्या वस्तीत असता तर? तुम्ही ज्या एमआयडीसीत जाणार आहात, ते तिथूनच चालत निघाले होते. वहीत फक्त नमाज्यांची नावं लिहू नका.

घरचं थोडक्यात. ईद तुम्हाला जिंतूरला कधीच मिळणार नाही, कारण जे गावी जाऊ शकले नाहीत त्या पंधरा-वीस जणांसाठी तुम्ही तिथे असायला हवं. मशीद ओस पडते म्हणता, पण त्या दिवशी मागे राहिलेले सगळ्यात एकटे असतात. माझ्या बायकोनं २० वर्षं त्यांच्यासाठी शीरखुर्मा केला. लग्न ठरवताना मुलीला हे आधी सांगा. माझ्या घरात सुरुवातीला मी सांगितलं नव्हतं, आणि त्याचा त्रास तिनं बराच काळ सोसला.

राहिलं वडिलांचं दुकान. तुम्ही त्याला इमामतीच्या विरुद्ध पारड्यात टाकलंय. मी म्हणेन, दोन्ही करा. ज्यांच्या नावानं आपण हनफी म्हणवतो ते इमाम अबू हनीफा इराकमधल्या कूफ्यात कापडाचा व्यापार करायचे. त्यांनी कोणासमोर हात पसरला नाही, म्हणून ते दरबाराला नाही म्हणू शकले. ११ हजारांवर जगणाऱ्या इमामाला ठेकेदाराला नाही म्हणणं जड जातं. आणि मोबाइल दुरुस्ती तर त्या वस्तीत सोन्यासारखं काम आहे, कारण तिथल्या माणसाचं अख्खं घर त्या फोनमध्ये असतं. स्क्रीन फुटली की आईचा चेहरा गेला. जोहर ते असर दुकान, बाकी वेळ मशीद. फक्त दुकानाची उधारी मशिदीच्या दारात आणू नका, आणि सदराच्या जागेत गाळा घेऊ नका.

हो म्हणायच्या आधी आठ दिवस तिथे राहून या, आणि ते दिवस महिन्याच्या ७ ते १५ तारखेच्या दरम्यान निवडा. पगार होतो की नाही, कोणाचा अडतो, कोण कोणाला घाबरतं, सगळं त्या आठवड्यात दिसतं. एखाद्या रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर शेडच्या दारात बसा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोला. वडिलांनाही एक दिवस बरोबर न्या, त्यांना दुकानाची जागा बघू द्या. जाताना दोनशे पानी वही घ्या.